तुषारचा कौल

“अभिनंदन करू की माफी मागू, मलाच कळंना झालंय,” प्रमिलाताई फोनवर म्हणाल्या. “तुषारनं कौल दिलाय, रोहिणीताई. त्याला तुमच्याकडं राहायला यायचंय.”

रोहिणीनं हातातला झारा गॅसशेजारी ठेवला आणि ती तिथंच स्टुलावर बसली.

“खरंच? नीट विचारलंत ना?”

“तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं. तुमच्या घराची फिल्म दाखवली, तुमचा फोटो दाखवला, त्याची खोली दाखवली. प्रत्येक वेळी हिरवा. गडद हिरवा. आता कायद्यानं आम्ही त्याला ठेवून घेऊ शकत नाही. आणि ठेवून तरी का घ्यावं? चार वर्षं आपल्याला कळलंच नाही बघा.”

तुषार रोहिणीचा धाकटा भाऊ. वय सत्तेचाळीस. जन्मापासूनच त्याच्या मेंदूची वाढ संथ होती आणि बोलणं त्याला कधी आलंच नाही. ऐकलेलं त्याला बरंचसं कळे. अंघोळ, कपडे, जेवण सगळं तो आपलं आपण करी. पण रस्ता ओलांडणं, दुकानातून काही आणणं, एकट्यानं घरी थांबणं त्याला जमत नसे. आई होती तोवर तो आईजवळ राहिला. आई गेली तेव्हा रोहिणी कोल्हापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. सकाळी बाहेर पडायची ती संध्याकाळी परत. मग गडहिंग्लजच्या पुढे, नदीकाठच्या शेतात वसलेल्या, प्रमिलाताई चालवत असलेल्या ‘मांडव’ या निवासात तिनं भावाला ठेवलं. त्याच्यासारखी तीसेक मोठी माणसं तिथं राहतात, शेतात आणि कारखान्यात झेपेल ते काम करतात. दर रविवारी रोहिणी जायची, त्याला गाडीतून फिरवून आणायची, आणि परतताना प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आपण याला टाकून निघालोय.

आता ती निवृत्त झाली होती. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा परदेशात स्थायिक झाला होता. घरातली एक खोली रिकामीच होती. पण तुषारला ‘येतोस का?’ म्हणून विचारणार कसं आणि त्याचं उत्तर ऐकणार कसं?

ते ऐकण्यासाठीच ‘कौल’ नावाचं यंत्र निघालं होतं.

यंत्र म्हणजे कानामागं चिकटवायची, टिकलीएवढी चकती आणि मनगटावर एक पट्टा. एखादी गोष्ट आपल्याला आवडली की आपण तोंड उघडण्याआधीच शरीर हलू लागतं. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, तळहाताला सूक्ष्म घाम येतो, गालाचे स्नायू डोळ्यांना दिसणार नाही इतके आकसतात, आणि कपाळामागचा मेंदूचा भाग एका ठरावीक लयीत जागा होतो. नावडती गोष्ट समोर आली की हे सगळं वेगळ्या रीतीनं घडतं. कौल या खुणा गोळा करून त्यांचे दोन ढीग करतो. लहान मुलं चिंचोके आणि खडे निवडून वेगळे करतात ना, तसे. यात तो सहसा चुकत नाही.

मात्र कुठल्या ढिगाला ‘हवं’ म्हणायचं आणि कुठल्याला ‘नको’, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. बोलता येणारा माणूस स्वतः सांगतो. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या रोजच्या वागण्यावरून कौल ते शिकतो. अशा निवासांमध्ये माणसांच्या चेहऱ्यांवर कॅमेरे रोखायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणून कंपनीनं मांडवच्या जेवणाच्या हॉलमध्ये छताला छोटे कॅमेरे लावले. त्यांना फक्त ताटं आणि हात दिसत. ताट पुढं केलं की ‘हवं’. ताटावर हात आडवा धरला की ‘नको’. महिन्याभरात कौल सगळ्यांचं शिकून तयार झाला. हिरवा म्हणजे हवं, लाल म्हणजे नको.

आणि त्यानं चांगली कामं केली, हेही सांगायला हवं. निर्मला नावाची एक बाई रोज सकाळी आरडाओरडा करायची. हट्टी म्हणून सगळे तिला रागवायचे. कौल लावल्यावर कळलं की ब्रश दिसला की तिचा रंग लालभडक होतो. दंतवैद्याला दाखवलं तर दाढ मुळापर्यंत किडलेली. दाढ निघाली आणि निर्मला सकाळी गाणी म्हणू लागली.

तुषारच्या कौलानं मात्र सगळ्यांनाच चक्रावून टाकलं होतं. त्याचं काम दारं धरायचं. मोटरीचं पाणी पाटातून आलं की खोऱ्यानं माती ओढून ते या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायचं. चार वर्षं तो ते करत होता. कौल म्हणाला, नको. मग त्याला पाकिटं चिकटवायच्या खोलीत बसवलं. तिथं हिरवा. पण तिथं बसू लागल्यापासून त्याची भूक कमी झाली, तो भिंतीकडं तोंड करून बसू लागला. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे रोहिणी भेटायला आली की रंग लाल होई.

रोहिणीनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती घरी जाऊन रडली होती.

आता प्रमिलाताईंना कोडं सुटल्यासारखं वाटत होतं. “अहो, तुम्ही आला की त्याला कळायचं, ही आता जाणार. म्हणून लाल. आणि हल्ली तो उदास आहे तो घरच्या ओढीनं. सगळं जुळतंय बघा.”

खरंच सगळं जुळत होतं. रोहिणीनं खोलीला रंग दिला, खिडकीला जाळी बसवून घेतली, दिवसा सोबतीला एक बाई ठरवली, आणि शेजारच्या जोशीकाकूंना तीनदा सांगितलं, “माझा भाऊ यायचाय राहायला. त्यानंच सांगितलंय.”

न्यायला गेली तो दिवस बुधवारचा होता. तुषारची बॅग दारात भरून ठेवलेली होती. रोहिणी ती उचलणार एवढ्यात स्वयंपाकघरातून रजाकमामा टॉवेलला हात पुसत बाहेर आले. मांडव सुरू झालं तेव्हापासून स्वयंपाक आणि वाढप त्यांच्याकडं.

“ताई, कुठं निघालासा? जेवल्याबिगर सोडतोय व्हय आमी?”

“मामा, उशीर होईल हो. आम्ही वाटेत खाऊ काहीतरी.”

“चार वरसं झाली, दर रविवारी येतासा आन् भावाला हाटेलात घिऊन जातासा. आमच्या हातचं एकदा बी खाल्लं न्हाई. आज पोरगं निघालंय म्हणून जिलेब्या केल्यात. बसा गुमान.”

रोहिणी तुषारशेजारी पंगतीत बसली. फोन तिनं ताटाशेजारी ठेवला. त्यावर तुषारचा कौल दिसत होता. आता तो बघायची जबाबदारी तिच्याकडं आली होती.

आधी वरण-भात आणि दुधीची भाजी. मांडवातला नियम असा की पहिलं वाढप कुणी नाकारायचं नाही. दुधी म्हटलं की तुषार लहानपणापासून तोंड फिरवायचा. आज त्यानं ताट जरासं पुढं सारलं, पळीभर भाजी पडू दिली आणि खिडकीकडं बघत बसला. रोहिणीनं सहज फोनकडं पाहिलं. हिरवा.

‘आवडायला लागला वाटतं दुधी,’ ती मनात म्हणाली.

मग मामा जिलेबीचं ताट घेऊन आले आणि पंगतीत एकदम चुळबुळ सुरू झाली.

“तुषारशेठ, वाढू?”

तुषारनं दोन्ही हात ताटावर पसरले.

“एकच.”

तुषार ताटावर जवळजवळ आडवाच झाला.

“ऱ्हायलं. माझी जिलेबी काय वाया न्हाई जायाची. शेजारच्या पाव्हण्याला देतो.” मामांनी पाठ फिरवली. तुषारनं हळूच एक हात उचलला आणि बोटांच्या फटीतून बघितलं, मामा गेले का. त्याच क्षणी मामा गर्रकन वळले आणि जिलेबी बरोबर फटीतून ताटात सोडली. सगळी पंगत जमीन बडवायला लागली. तुषारचे खांदे गदागदा हलत होते. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येत होतं. जिलेबी खायची सोडून त्यानं पुन्हा दोन्ही हात ताटावर पसरले आणि मामांकडं बघितलं.

रोहिणीही हसत होती. चार वर्षांत भावाला इतकं हसताना तिनं पाहिलंच नव्हतं. “रोज करता का हो असं?” तिनं विचारलं.

“रोज! गोड असू दे न्हाईतर चटणी. आग्रेव केल्याबिगर ह्यो गडी जेवतच न्हाई.”

रोहिणीचं लक्ष फोनकडं गेलं. पडदा लालभडक झाला होता.

तिनं पट्टा नीट बसलाय का बघितलं. बसला होता. मामांनी दुसरी जिलेबी टाकली. लाल आणखी गडद झाला.

तिच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत दरवर्षी एक तरी मूल बॅटरीच्या तारा उलट्या जोडायचं. काटा हलायचा, अगदी अचूक हलायचा, फक्त विरुद्ध बाजूला. मूल म्हणायचं, “बाई, मीटर बिघडलाय.” आणि ती सांगायची, “मीटर बरोबर आहे बाळा. तू तारा कशा जोडल्यास ते बघ.”

तिनं मान वर करून छताकडं पाहिलं. बरोबर तुषारच्या ताटावर कॅमेऱ्याचं काळं भिंग होतं. त्याला चेहरा दिसत नव्हता, मामा दिसत नव्हते, हसणंही दिसत नव्हतं. त्याला दिसत होते ताटावर आडवे धरलेले दोन हात. महिनाभर, दोन्ही वेळच्या जेवणाला, तुषारच्या सगळ्यात आनंदाच्या क्षणाला त्यानं ‘नको’ असं नाव दिलं होतं. आणि खिडकीकडं बघत गिळलेल्या दुधीला ‘हवं’.

म्हणजे दारं धरणं लाल. पाकिटं हिरवी. ताईचे रविवार लाल. ताईच्या घरी राहायला जाणं गडद हिरवं.

“काय झालं, रोहिणीताई?” समोरून प्रमिलाताईंनी विचारलं.

“काही नाही,” रोहिणी म्हणाली. “जिलेबी छान झालीय.”

आणि ती तुषारला घेऊन निघाली.

महामार्गाला लागल्यावर गाडी आपली आपण चालू लागली. रोहिणीला आता हातांना काही काम नव्हतं. तुषार शेजारी बसला होता. हात मांडीवर, कपाळ काचेला टेकलेलं. फोनवर अक्षरं होती, ‘निवासी समाधानी आहे’. जसजसं मांडव मागं पडत गेलं, तसतसा हिरवा रंग गडद होत गेला.

सवय होईल त्याला, ती स्वतःला समजावत होती. आईकडून मांडवात आला तेव्हाही दोन महिने रडलाच होता की. मी त्याला काय कमी करणार आहे? आणि कुणाला कळणार आहे? कायदा माझ्या बाजूनं आहे, यंत्र माझ्या बाजूनं आहे. जो कुणी हा पडदा बघेल त्याला हिरवाच दिसेल. उद्या, परवा, दहा वर्षांनीसुद्धा.

हाच विचार तिला पेलेना. तुषार तिच्या घरात भिंतीकडं तोंड करून बसेल आणि सगळं जग तिला म्हणेल, किती सुखात ठेवलंय हो भावाला! त्याचा हा हिरवा खरा काय आहे ते साऱ्या जगात फक्त तिला ठाऊक असेल. आणि तुषारला.

“तुषार,” ती म्हणाली. “मांडवात परत जाऊया?”

तुषारनं काचेवरचं कपाळ काढलं. तो तिच्याकडं वळला. पडद्यावरचा हिरवा विरघळल्यासारखा झाला, पिवळट झाला आणि मग मध्यभागातून लाल उमलत आला.

“गाडी मागं वळव,” रोहिणीनं गाडीला सांगितलं.

पुढच्या वळणावर गाडी वळली, तसा फोन वाजला. कौलच्या मदतकेंद्रातून एक मुलगी बोलत होती.

“मॅडम, तुमच्यासोबतचे निवासी खूप अस्वस्थ आहेत. आमच्याकडे इशारा आलाय. कृपया गाडी बाजूला घ्या.”

“अस्वस्थ नाहीये तो.”

“मॅडम, रीडिंग अगदी वरच्या टोकाला आहे. इतका लाल आम्ही क्वचितच बघतो. त्यांना कसला त्रास होतोय का?”

रोहिणीनं शेजारी पाहिलं. तुषार दोन्ही हातांनी डॅशबोर्डवर ताल धरत होता. खांदे गदागदा हलत होते.

“तुमचं नाव काय बाळा?”

“सानवी, मॅडम.”

“सानवी, तो हसतोय. उद्या मांडवात या. तुमचा मीटर उत्तम आहे, पण तारा उलट्या जोडल्यात.”

फाटकातून गाडी आत शिरली आणि थांबायच्या आधीच तुषारनं दार उघडायची खटपट सुरू केली. उतरला तो तडक आत गेला. एकदाही मागं वळून बघितलं नाही. बॅग गाडीतच राहिली. प्रमिलाताई धावत बाहेर आल्या.

“काय झालं? काही राहिलं का?”

“सांगते. आधी या बॅगेची एक बाजू धरा. जड आहे.”

सगळं ऐकल्यावर प्रमिलाताई ओसरीच्या पायरीवरच बसल्या. “म्हणजे आम्ही त्याचं आवडतं काम काढून घेतलं? आणि वर स्वतःला शहाणं समजत होतो?” मग एकदम दचकून म्हणाल्या, “अहो, आणि बाकीच्यांचं काय?”

रजाकमामा दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. “म्हंजे माझ्या खेळापायी झालं ह्ये समदं?”

“मामा, खेळ थांबवलात तर मी कंपनीकडं नाही, तुमच्याकडं तक्रार करीन,” रोहिणी म्हणाली. “आज तुम्ही जेवायला बसवलं नसतंत, तर हा कोल्हापुरात पोचला होता.”

सानवी आली ती आठवडाभर राहिली. वयानं लहान, मनानं नेक मुलगी. तिच्या घरी सगळे आपापलं वाढून घेत. ताटावर हात धरलेल्या माणसाला कुणी पुन्हा वाढतं, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. पहिल्या दिवशी मामांनी तिच्याच ताटात तीन पोळ्या टाकल्या, तेव्हा तिला ते चांगलंच समजलं. नुसती ढिगांची नावं अदलाबदल करून भागणार नव्हतं. रोहिणी आणि ती प्रत्येकाजवळ बसल्या. कोण कशाला खरंच हात आडवा धरतं आणि कोण आग्रहासाठी, हे माणूस ओळखणाऱ्यांना विचारून पुन्हा पहिल्यापासून निवडलं. चौघांचे ढीग उलटे निघाले. निर्मलाचे बरोबर होते. तिला आग्रह मुळीच आवडत नसे. ती मामांच्या हातावर चापट मारायची.

शेवटी तुषारला पुन्हा विचारायचं होतं. कायद्यानं तसं विचारणं भागच होतं. रोहिणीच्या घराची फिल्म लावली. रंगवलेली खोली दिसली, खिडकी दिसली. सानवीनं हलक्या आवाजात विचारलं, “तुषारदादा, इथं राहायला जायचं?”

पडदा लाल झाला. आता तो लाल म्हणजे लालच होता.

सानवीनं घाईघाईनं रोहिणीकडं पाहिलं. “मॅडम, पुन्हा विचारू का? कधी कधी पहिल्या वेळी...”

“नको. स्पष्ट बोललाय तो.” रोहिणीनं चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. पुसायला जरा वेळच लागला. “चौदा वर्षांच्या पोरांना मी हेच शिकवत आले. उत्तर आवडलं नाही म्हणून प्रयोग पुन्हा करायचा नसतो.”

तुषारला या प्रश्नोत्तरांचा कंटाळा आला होता. तो उठला, रोहिणीचं मनगट धरलं आणि तिला ओढतच बाहेर घेऊन निघाला. बाहेर मोटर सुरू झाली होती. वांग्याच्या वाफ्यांशी पोचल्यावर त्यानं तिला दोन्ही खांद्यांना धरून बांधावर बसवलं, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि खोरं उचललं.

पाणी पाटातून सळसळत आलं. तुषारनं एक ढेकूळ ओढलं, पाणी पहिल्या वाफ्यात शिरलं. तो भरला तसं त्याचं तोंड बंद, पुढच्याचं उघडं. त्याचं सगळं लक्ष त्या पाण्याच्या टोकाशी होतं. रोहिणी बघत राहिली. पूर्वी दर रविवारी ती गाडीचा हॉर्न वाजवायची आणि हा धुतलेल्या हातापायांनी येऊन गाडीत बसायचा. तो कुठून उठून येतो, हे बघायला ती कधी आत आलीच नव्हती.

मध्येच तुषार थांबला. तिच्याकडं बघून त्यानं भुवया चढवल्या आणि खोऱ्याच्या दांड्यानं तिच्या पायांकडं दाखवलं. तिचे पाय बरोबर पुढच्या वाफ्याच्या तोंडात होते.

“अगं बाई! अडवलं का मी?”

तिनं चपला काढून हातात घेतल्या, साडी आवरली आणि पाय वर उचलले. तुषारनं माती ओढली. पाणी तिच्या पावलांखालून पलीकडं गेलं.